दोन टोप्या, भाग दुसरा

म्हापशाला शुक्रवारी दोन गोष्टी नव्या येतात,
बाजारात हळसाण्याच्या शेंगा आणि थिएटरात सिनेमा.
या शुक्रवारी सिनेमा तसा नवा नव्हता.

तेच दोन पोलीस. एक उंच, कायदा पाठ असलेला,
दुसरा बुटका, कायदा मोडून मग वाचणारा.
पहिल्या भागात जीप पडली त्याच पुलावर
जीप येते, थांबते,
उंच कॅमेऱ्याकडे बघतो :
"गेल्या खेपेला इथंच पडलो होतो ना?"
बुटका म्हणतो, "तेव्हा लोक हसले होते."
आणि पडतात.
लोक हसतात.
मीही. अंधारात वहीत लिहिलं : हसलो, पण का?

खलनायकाची तक्रार, मला बालपणच दिलेलं नाही.
साहेब दम देतात, बजेट दुप्पट आहे, अक्कल जुनीच वापरा.
नायिकेला प्रसंग दोन. ती बोटांवर मोजून दाखवते.

पणजीच्या दैनिकानं लिहिलं,
आधी सांगून केली तरी चूक ती चूकच.
मडगावच्या बाईंनी चार तारे दिले,
नातवासोबत पाहिला, अशी कबुलीही.
मुंबईचा एक म्हणतो, हा विनोदावरचा विनोद आहे,
म्हणजे तो बहुधा हसला नसावा.

मध्यंतराच्या जरा आधी पडद्यावर समीक्षक आला.
टक्कल, छत्री, बगलेत वही.
थिएटरात आम्ही बाराजण,
अकरा माना माझ्याकडे वळल्या.
त्याच्या डोक्यावर बांगड्यांची पाटी उपडी झाली
आणि पडता पडता तो ओरडला,
"या कथेत पोलीस आहेत, तपास नाही!"

वाक्य ओळखीचं होतं.
चार वर्षांपूर्वी, पहिल्या भागावर,
रविवार पुरवणी, पान सहा, खाली माझं नाव.
मागच्या रांगेतून केमिस्ट शाबी परबानं हात पुढे केला,
"अमर झालात, कवठणकर सर!"
छाती फुगली. लगेच वासही आला,
बांगड्यांचा असेल.

वाक्य माझं नव्हतं.
सांतानचं होतं. सांतान मोनिझ,
रोमी कोंकणी साप्ताहिक, खप दोनशे.
पहिल्या भागाला तो माझ्या उजवीकडे बसला होता.
दर शुक्रवारी आम्ही भांडतच बाहेर पडायचो,
तो उंच, मी बुटका
(हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय).
गाड्यावर रस-ऑम्लेटात पाव बुडवत तो म्हणाला,
"पुलीस आसात, तपास ना."
मी ते मराठीत आणलं,
पुढं "या कथेत" जोडलं, एवढंच माझं.
त्यानं छापलेलं वाचलं. म्हणाला, "बरें बरयलां."
पुढच्या शुक्रवारी ऑम्लेटचे पैसे त्यानंच दिले.

आता तो स्विंडनच्या गोदामात रात्रपाळीला खोकी चिकटवतो.
शनिवारी फोन. तिथंही लागला होता म्हणे,
एकच खेळ, दुपारचा.
"तुजें वाक्य आयकलें रे!
बायलेक सांगलें, हो म्हजो इश्ट!"

अशा जागी पडद्यावरचा बुटका
वळतो, कॅमेऱ्याला खरं ते सांगून टाकतो.
लोक हसतात, सगळं माफ.
माझ्यासमोर भिंत होती, तिच्यावर
सहकारी बँकेचं कॅलेंडर, पान मागच्याच महिन्याचं.
"जेवलास?" मी विचारलं.

मग परीक्षण. लिहिलं :
हा सिनेमा आपली चोरी हसत कबूल करतो,
तेवढा तरी प्रामाणिक आहे.
तारे अडीच.
अर्धा कोणाचा, ते लिहिलं नाही.

रविवारी पान सहा उघडलं, तर तीन.
फोन केला. पुरवणीवाली पोरगी म्हणाली,
सर, आमच्याकडे अर्धा तारा नाही.